मनोरीच्या चिखलातला निवटा

मंडळी, आज भाचीच्या कॉलेजात प्राध्यापकांनी बीएस्सीच्या मुलांना आपापलं संशोधन दाखवलं. ती नाचतच घरी आली आणि मला ऐंशीच्या दशकातली मनोरीची खाडी आठवली.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम आम्हा बोरीवलीच्या कॉलेजातल्या मुलींना ओहोटीला तिथे घेऊन गेल्या होत्या. चिखलात निवटे होते, चिखलावर उड्या मारणारे ते छोटे मासे. मी मालवणची, निवट्याचं तिखलं खाऊन वाढलेली. म्हटलं, "यात काय बघायचं?"

"गप उभी राहा आणि बघ," मॅडम म्हणाल्या.

एक निवटा परांवर चालत बिळात शिरला, तोंडात चिखल भरून बाहेर आला आणि थुंकला. पुन्हा आत! मासा घर खणत होता. मी वाकून बिळात डोकावले.

"हे बीळ आत कसं असतं, मॅडम?"

"मला माहीत नाही. तेच शोधतेय. येतेस मदतीला?"

"पण मी तर सेकंड इयरला..."

"मग? निवट्यांना सांगू नकोस ना!"

वर्षभर दर रविवारी मी त्या चिखलात गुडघाभर उभी होते. मॅडमनाही ठाऊक नसलेलं काहीतरी त्यांच्या शेजारी उभं राहून शोधायचं, याचं नवल मला आजही वाटतं.

तुम्हाला कुणी असं "मला माहीत नाही, चल शोधू" म्हटलं होतं का?