एक मीटर अडुसष्ट

ऐंशीच्या दशकात मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. तिथली एक चौकशी अजून मनातून गेलेली नाही.

गावात एक अंध म्हातारी होती. तिचा एकुलता एक मुलगा तरुणपणीच जहाजावर गेला, तो वीसेक वर्षांनी परत आला. एवढ्या काळात चेहरा बदलणारच, म्हणून गावानेही मान डोलावली. महिन्याभरात तिच्या कलमांच्या बागेला गिऱ्हाईक आलं आणि तिचा शेजारी ठाण्यात आला.

"सायबानू, तो तिचो झील न्हय. म्हातारेक दिसना नाय, म्हणान फसयता. कागदार तिचो आंगठो घेतल्यान, की बाग गेलीच!"

मी त्या माणसाला बोलावलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं गोड, मालवणी अस्खलित. वडिलांचं नाव, कुलदैवत, शाळेतले मास्तर, सगळं पोपटासारखं पाठ. खरा माणूस काहीतरी विसरतोच, हा माझा अनुभव. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. मी त्याला सोडायच्याच बेतात होतो.

जबाब संपल्यावर हवालदार त्याचं वर्णन नोंदवू लागला. नमुन्यात उंची सेंटिमीटरमध्ये लागे आणि लोक सांगत फूट-इंचांत. बिचारा दर वेळी सगळ्याचे इंच करून २.५४ ने गुणत बसे आणि सरकारला शिव्या घाली.

"उंची?"

"एक मीटर अडुसष्ट."

गुणाकार वाचला म्हणून हवालदार खूश. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. आमच्याकडे कापड मीटरवर आलं होतं, रस्ते किलोमीटरवर. पण स्वतःची उंची मीटरमध्ये सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. जहाजावर सवय लागली असेल, म्हणून म्हटलं, "फुटांत सांग."

तो आढ्याकडे बघू लागला.

"बरं, एका वाराचे फूट किती?"

आमच्या पिढीतल्या चौथी झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तीन म्हणेल.

"चार?" तो म्हणाला.

आमच्या शाळांत मीटर उशिरा आला. गोव्यात तो पोर्तुगीज अमलापासूनचा. "तू शिकलास गोव्यात," मी म्हणालो, तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग सगळंच बाहेर आलं. तो म्हातारीच्या मुलाबरोबर बोटीवर कामाला होता. घरच्या गोष्टी त्याच्याकडूनच ऐकलेल्या. पुढे मुलगा एका परदेशी बंदरात उतरला आणि बोटीवर परतलाच नाही.

गुन्हा नोंदवला, बाग वाचली. म्हातारीला सांगायला मी स्वतः गेलो. खरं सांगायचं तर, कौतुकाच्या दोन शब्दांची अपेक्षा होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"मगे माझो झील खंय आसा?"

खोटं उघडं पडलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. तिची वाट पाहणं संपलं होतं. ते मी पुन्हा सुरू करून दिलं.