वेताळानंतर ॲटलास

आमच्या काकांचा गाऱ्हाण्याचा मान एकदा जाता जाता राहिला. तो जाणार होता माझ्यामुळे, आणि माझ्यापेक्षाही जास्त ग्रीक लोकांमुळे. वास्तविक ग्रीकांचा आणि आमच्या गावाचा काडीचा संबंध नाही. दिघीच्या जेट्टीकडून आत वळलं की भाताची खाचरं, सुपारीच्या चार बागा, दोन आळ्या आणि एक देऊळ, एवढाच आमचा पसारा.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर काकांचं काय जाणार होतं ते कळायचं नाही. शिमग्यात पालखी उठण्याआधी देवळासमोर मानकरी उभा राहतो. गावाच्या हद्दीतल्या एकेका देवाला तो ठिकाणासकट हाक मारतो आणि गावाचं मागणं त्याच्या कानावर घालतो. दर हाकेला सगळं गाव 'व्हय महाराजा!' म्हणून ओरडतं. हातात कागद चालत नाही. एखादं नाव गळलं तर तो देव रुसतो. भलतंच नाव घुसलं तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसं कधी घडलंच नव्हतं. हा मान काकांचा, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. वरच्या आळीतल्या आमच्या एका चुलत्यांचा त्यावर कधीपासूनचा डोळा होता. काकांना मूलबाळ नाही, त्यामुळे चुलते निवांत वाट बघत होते.

मी तेव्हा अलिबागकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. मराठी शाळेतून आलेली, आणि शरीरशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत सपाटून आपटलेली. पुस्तकात शरीराचा एकही भाग आपल्या घरच्या नावाने राहत नव्हता. यकृताला हेपार, हृदयाला कार्डिया, पोटाला गॅस्टर. शेवटी ग्रीक आणि लॅटिन धातूंची लांबलचक यादी जोडली होती, ती बघितली की मला जांभया यायच्या आणि रडूही यायचं. एका शनिवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून घरी आले आणि ओट्यावर बसून ती यादी घोकायला लागले. काका समोर सुपारी सोलत बसले होते. जन्मभर मुंबईच्या गोदीत काम करून आणि गाऱ्हाण्यापुरतं शिमग्याला येऊन ते नुकते कायमचे गावी परतले होते आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला त्यांना भरपूर वेळ होता.

"काय गो, कुणाच्या नावानं शिव्या घालतंस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना मूत्रपिंडाचं दुखणं सांगितलं. ग्रीक म्हणतात नेफ्रॉस, लॅटिनवाले म्हणतात रेन. वस्तू एकच, आणि पुस्तकात दोन्ही नावं आलटून पालटून येतात. आजाराचं नाव बहुतेक ग्रीकवरून पडतं, शिरा-बिरांचं लॅटिनवरून.

काकांनी सुपारी खाली ठेवली. "ह्यात अवघड काय? ग्रीक ते माहेरचं नाव, लॅटिन ते सासरचं. सासरी नांदते तवा रेन. आजारी पडली की माहेरी जाते, मग नेफ्रॉस."

मी दोन महिने ज्याच्यापुढे डोकं आपटत होते ते या माणसाने दोन वाक्यांत उरकलं. मला आनंद झाला आणि रागही आला. रागाच्या भरात मी त्यांच्या हातात सगळी यादीच दिली, म्हटलं, घ्या, एवढे हुशार आहात तर हे पाठ करून दाखवा. इथेच माझं चुकलं.

कारण काकांनी ते मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की नाव कधी पाठ करायचं नसतं, जागा पाठ करायची. ते गाऱ्हाणं सांगताना मनातल्या मनात हद्दीवरून चालत जातात, चव्हाट्यावरून वरच्या बांधावर, बांधावरून ओढ्याकडे. ज्या जागेशी पोचले त्या जागेचा देव आपोआप तोंडात येतो. तेव्हा मीही माझी मंडळी गावात वसवावी. पुढचे दोन महिने दर रविवारी सकाळी आम्ही दोघं हद्दीवरून हिंडलो. काकांचा एक नियम होता. प्रत्येक जागी आधी घरमालकाचं नाव घ्यायचं, म्हणजे आपल्या देवाचं, आणि मगच शेजारी भाडेकरू बसवायचा.

चव्हाट्यावरच्या वेताळाच्या पुढे पंचायतीची पाण्याची टाकी आहे. तिच्याखाली ॲटलास बसवला. ग्रीकांच्या गोष्टीत त्याने खांद्यावर आभाळ तोललं होतं, म्हणून डोकं तोलणाऱ्या मानेच्या पहिल्या मणक्याला त्याचं नाव. काकांनी टाकीकडे बघून सांगितलं की ती गळते, याला सर्दी होईल. ओढ्याच्या साकवावर अकिलिस. अंगाला शस्त्र लागू नये म्हणून त्याच्या आईने त्याला टाचेला धरून जादूच्या नदीत बुडवला, टाच तेवढी कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागून तो मेला. टाचेमागच्या जाड स्नायुबंधाला अजून त्याचं नाव आहे. यावर काका भयंकर तापले. "दुसऱ्या खेपेला उलटा धरून बुडवायचा होता! एवढी कसली घाई होती बाईला?" त्या बाईचा विषय ते पुढे आठवडाभर काढत होते.

वारुळापाशी वैद्यांचा देव अस्क्लेपियस बसला, कारण त्याच्या काठीला साप असतो. काकांनी त्याला लगेच हात जोडले. त्याची मुलगी हायजिया, जिच्यावरून स्वच्छतेचा इंग्रजी शब्द आला, तिला मी गटाराशी बसवायला निघाले होते. पोरीच्या जातीला गटाराशी नको म्हणून त्यांनी तिची सोय विहिरीवर केली. समाजमंदिराच्या कट्ट्यावर दुपारचे म्हातारे पेंगतात, तिथे स्वप्नांचा देव मॉर्फियस, मॉर्फिनवाला. त्याची ओळख करून द्यावीच लागली नाही. आणि समुद्राच्या देवाचं लॅटिन नाव नेपच्यून आहे म्हटल्यावर काका म्हणाले, "ह्याला मी ओळखतो. ह्याच्या नावाची बोट आमी तीन दिवस खाली करत होतो."

फेरपरीक्षेत मी पास झाले, आणि चांगली पास झाले. तोंडी परीक्षेला मी डोळे मिटून चव्हाट्यावरून निघाले ती थेट विहिरीवर पोचले. परीक्षा घेणाऱ्या बाईंना वाटलं मी देवाचा धावा करते आहे, आणि तसं ते फार खोटंही नव्हतं.

मग शिमगा आला. पालखीच्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळासमोर जमलं. मुंबईकर मोबाइल वर धरून उभे होते, आम्ही बायका पायरीच्या डाव्या अंगाला. काकांनी धोतर सावरलं आणि सुरुवात केली. गावदेवी झाली, वाघजाई झाली.

"बा चव्हाट्यावरच्या वेताळा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"बा टाकीखालच्या ॲटलासा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मी काकांच्या नजरेत यायची धडपड केली, पण त्यांचे डोळे मिटलेले. ते आपले ओढ्याकडे चालले होते. साकवावरच्या अकिलिसाला हाक गेली. वारुळावरच्या अस्क्लेपियसाला गेली. गावाने दोघांनाही छातीठोक होकार दिला. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही. काका थांबले की ओरडायचं, एवढंच प्रत्येकाला माहीत. ऐकणारा एकच माणूस होता, कारण तो वर्षानुवर्षं चूक शोधत होता. विहिरीवरच्या हायजिया मातेला हाक गेली आणि वरच्या आळीच्या चुलत्यांनी हात वर केला.

"थांबा! ही कुणाची देवं?"

काकांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला जमिनीत जावंसं वाटलं. चुलत्यांनी एका मुंबईकराचा मोबाइल घेतला आणि सगळ्या गावाला ते चारही देव पुन्हा ऐकवले. या खेपेला 'व्हय महाराजा' म्हणताना आपलाच आवाज ऐकून बरेच जण खाली बघू लागले.

पालखी राहिली बाजूला आणि गावकी तिथेच बसली. परक्या देवांना वेशीच्या आत बोलावलंय, आता ते उपाशी परत कसे जातील, हा पहिला मुद्दा निघाला. ते कोण, कुठले, कोंबड्याचे की नारळाचे, हे काकांना सांगता येईना. ते नुसतेच माझ्याकडे बघत होते. आमच्याकडे गावकीत बाई बोलत नाही. पण ही मंडळी आणली मी होती, तेव्हा गावकीच्या अध्यक्षांनी मलाच पुढे बोलावलं.

मी सगळं सांगितलं. कुणाचा मणका, कुणाची टाच, कुणाची काठी. तोंडी परीक्षेपेक्षा ही परीक्षा कडक होती, कारण इथे प्रश्न नेमके होते.

"औषधाचा देव म्हंतेस, त्याला काय लागतं?" एका आजोबांनी विचारलं.

"कोंबडा," मी म्हटलं. हे मी रचलेलं नव्हतं. दुखण्यातून उठले की ग्रीक लोक त्याला खरोखरच कोंबडा वाहायचे.

हे ऐकताच निम्मा विरोध मावळला. कोंबडा खाणारा देव म्हणजे आपल्यातलाच. चौघांना मिळून एक कोंबडा आणि तीन नारळ ठरले. अकिलिस हा देवच नाही, त्याला नारळ कशाला, अशीही एक शंका निघाली, पण बिचारा तरणाताठा गेला म्हणून त्यालाही द्यायचं ठरलं. चुलते मात्र हटेनात. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि खरंही होतं. गाऱ्हाणं बाटलं, मानकऱ्याचं डोकं चालत नाही, त्याने मान सोडावा.

अध्यक्षांनी बराच वेळ मान खाजवली. मग निकाल दिला. काकांनी आत्ताच्या आत्ता पहिल्यापासून पुन्हा सांगायचं, फक्त गावचे देव. नीट झालं तर मान राहील, नाहीतर चुलत्यांकडे जाईल.

काका पुन्हा उभे राहिले. गावदेवी झाली, वाघजाई झाली, वेताळ झाला. या वेळी गाव कान देऊन ऐकत होतं, कदाचित पहिल्यांदाच. आणि वेताळापाशी काका अडले. त्यांचा एक हात हवेत तसाच राहिला. टाकीखालून ॲटलासाला हाकलला खरा, पण वेताळाच्या पुढे आपला कोण येतो तेच त्यांना आठवेना. चुलते एक पाऊल पुढे सरकले. मला काकांकडे बघवेना. रविवारच्या रविवार या माणसाने माझी यादी डोक्यावर घेऊन पायपीट केली होती, आणि आता त्याच्या वडिलांचा मान माझ्यामुळे सगळ्यांच्या देखत निघून चालला होता. विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

"बा वरच्या बांधावरच्या म्हसोबा महाराजा!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. मग आधी बायकांकडून 'व्हय महाराजा' आलं आणि नंतर बाप्यांकडून. काकांचा हात खाली आला. त्यांनी म्हसोबापासून धागा उचलला आणि वेशीवरच्या शेवटच्या देवापर्यंत एका दमात नेला.

"पोरीनं सांगितलं, ते चालायचं न्हाय," चुलते म्हणाले.

"नाव बरोबर हाय की चुकीचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"बरोबर हाय, पण—"

"मग पालखी उचला. ऊन चढलं."

पालखी घरोघर फिरून संध्याकाळी परत आली. नारळ फुटले, कोंबडा शिजला, ॲटलासाचा प्रसाद चुलत्यांनीही खाल्ला. घरी येताना मी काकांची माफी मागितली. ते पुढे चालत राहिले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "मी इसरलो न्हवतो."

"मग थांबलात कशाला?"

"कुणाला ठावं हाय का ते बघत होतो."

मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझा जीव टांगणीला लावून हा माणूस मजा बघत होता! नंतर वाटलं, खरोखरच विसरले असतील आणि पुतणीपुढे कबूल करवत नसेल. म्हातारा खरं बोलला की बाजू सावरत होता, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं की ते सुपारीचं सूप पुढे ओढतात.

आता मी एका दवाखान्यात नोकरी करते. त्यानंतरचे दोन शिमगे काकांनी बिनचूक पार पाडले, पण दोन्ही वेळा मला पुरुषांच्या बाजूला, त्यांच्या हाताशी उभं केलं. यंदा त्यांनी गावकीला कळवलं की गाऱ्हाणं त्यांची पुतणी सांगेल, म्हणजे मी. दोन्ही आळ्या आठवडाभर भांडल्या. चुलते म्हणाले, बाई मानकरी कधी ऐकली नाही. अध्यक्ष म्हणाले, म्हसोबाने ऐकलीय, तेव्हा तो काही बोलला नाही. शेवटी एकदाचं ठरलं. मी रजेचा अर्ज टाकला, आमच्या मेट्रनबाईंनी कारण दोनदा वाचलं आणि सही केली.

काल काकांना फोन करून सांगितलं की मला भीती वाटते.

"मी मागं उभा हाय," ते म्हणाले. "अडलीस तर नाव सांगीन. पण जरा थांबून सांगीन."