खंडेनवमीचं कुंकू

ती खंडेनवमी मला आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं, मग लाज वाटते, आणि शेवटी दोन माणसांसाठी हात आपोआप जोडले जातात.

नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पिंपरीजवळच्या एका ठाण्यात मी धाकटा फौजदार होतो. शिक्षण तालुक्याच्या गावातलं. शाळेत मी अभ्यासापेक्षा मास्तरांच्या नकलांसाठी जास्त प्रसिद्ध होतो, आणि अंगावर खाकी चढली तरी ती खोड गेली नव्हती. इन्स्पेक्टरसाहेब दौऱ्यावर गेले की मी आत बसून त्यांच्यासारखा घसा खाकरायचो, आणि बाहेरचा पहारेकरी खाडकन टाचा जुळवायचा. आमचे हवालदार मावळातले, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते मला म्हणायचे, "साहेब, तुमी निघाला व्हता तमाशाच्या फडावर, वाट चुकून हितं आला."

तेव्हा आपलं मुंबई राज्य होतं आणि पलीकडे हैदराबाद राज्य. आपल्याकडे बंदुकीचा परवाना मिळवणं म्हणजे चप्पल झिजवणं. पाटलाचा दाखला, मामलेदाराचा शेरा, आमची चौकशी, मग कलेक्टर कचेरी. रानडुकरांनी ऊस खाऊन संपवला तरी कागद फिरतच असायचा. हद्दीपलीकडे मात्र संस्थान विलीन होतानाच्या गडबडीच्या वर्षांनंतर कितीतरी हत्यारं बिनमालकाची पडून होती. त्यामुळे तिकडून इकडे चोरून आणणारे निघालेच.

खबर दिली चाकणच्या बाजारातल्या एका हॉटेलवाल्यानं. आमच्या मामांचा तो जुना दोस्त. कांद्याच्या गाड्या सोडून शेतकरी त्याच्याकडे चहाला टेकायचे, तेव्हा त्याच्या कानावर आलं. चाकणच्या अंगाला दोन चुलतभावांत बांधावरून भांडण पेटलं होतं, आणि त्यातल्या थोरल्यानं "दसऱ्याला माझं हत्यार येतंय, मग बघतो" असं बोलून दाखवलं होतं. माल हद्दीपलीकडून येतो आणि पिंपरीला कारखान्याच्या पाइपांत उतरतो, एवढंच हॉटेलवाल्याला कळलं होतं.

पिंपरीला तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. ठेकेदारानं पलीकडच्या राज्यातल्या एका बंद गिरणीचे जुने पाइप विकत घेतले होते. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दोन पंच घेऊन तिथं पोचलो. साइटवर काम बंद. गवंड्यांनी थाप्या आणि ओळंबे धुऊन मांडलेले, सुतारानं करवत-रंधा, मजुरांनी फावडी-घमेली. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. ठेकेदाराच्या ट्रकलाही नवरदेवासारखा हार. पाइपांची मात्र नुसती रास. त्यातल्या बऱ्याच पाइपांची तोंडं गोणपाटाच्या बोळ्यांनी बंद केलेली.

मी रुबाबात हुकूम सोडला, एकेक पाइप उतरवा. मामा राशीभोवती एक फेरी मारून आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पाइपाची कोन पूजा करतंय?"

खालच्या एका पाइपाच्या बोळ्यावर कुंकवाचं बोट उठलेलं होतं आणि फटीत झेंडूची पाकळी खोचलेली होती. बोळा ओढला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या दोन काडतुशी बंदुका. लाकडी दस्ते काढून घेतलेले, नुसता लोखंडी भाग.

पाइपांवर लक्ष कुणाचं, असं मी विचारलं. चौकीदार पुढे आला. मराठवाड्यातला, म्हणजे त्या हद्दीपलीकडचाच माणूस. बायको-मुलांसकट साइटवरच्या झोपडीत राहणारा. त्याचं बोट कुंकवानं लाल. मला आणखी काय पाहिजे होतं? पाइप पलीकडचे, माणूस पलीकडचा, बोट लाल. तिथंच बसून मी झोकात पंचनामा लिहिला आणि त्याला अटक केली. तो एवढंच म्हणाला, "सरकार, म्या काहीच केलं नाही. मला त्यातलं काही ठाव नाही." हे वाक्य प्रत्येक आरोपी म्हणतो, असं मी पंचांना ऐटीत समजावून सांगितलं.

कोर्टानं चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. दोन दिवस मी त्याला उलटसुलट विचारलं. तो तेच सांगत राहिला. त्याची बायको रोज दुपारी भाकरी बांधून चालत यायची आणि ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून राहायची. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की ठेकेदाराच्या मुनशीनं झोपडी खाली करायला सांगितलीय. चोराचं बिऱ्हाड साइटवर नको. परवापर्यंत मुदत. नंतर लेकरं घेऊन कुठं जायचं, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. माझं म्हणणं, कायदा आपल्या मार्गानं जातो.

त्या संध्याकाळी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते सहसा बसायचे नाहीत.

"त्या बाईच्या हातातली काठी बघितली का?"

काठी होती खरी. वाटेतल्या कुत्र्यांसाठी ती नवऱ्याची काठी घेऊन यायची.

"त्या काठीला हळदकुंकू हाय, साहेब. खंडेनवमीला ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं. गवंड्यानं थापी, डायवरनं गाडी, यानं काठी. ज्याच्यापाशी दोन बंदुका हायेत, त्यो काठी पुजत बसंल व्हय?"

"पण बोट लाल होतं ना?"

"त्या दिशी लाल बोट कुनाचं नव्हतं? तुमचं बी व्हतं. सकाळी ठान्यात तुमीच पिस्तूल पुजलंत."

मी माझ्या बोटाकडे बघितलं. खरंच, नखाच्या कडेला अजून लाली होती. मामा म्हणाले, हा काही पुरावा नव्हे, पण पाइपाला आणखी कुणाचा हात लागतो ते तरी बघू.

पाइप आणायचा ट्रक-ड्रायव्हर. त्याला ठाण्यात बोलावलं. गोड बोलणारा, गप्पिष्ट गडी. पाइप नगर स्टेशनात रेल्वेनं येतात, मी तिथून उचलतो, हद्दीपलीकडे जन्मात गेलो नाही, असं त्याचं म्हणणं. मुनशीही तेच म्हणत होता. मी ठाण्यामागं धूळ खात पडलेली जुनी गाडी घेऊन हद्दीवरच्या नाक्यापर्यंत धडकलो. तो दारूबंदीचा नाका. बाटल्या सापडल्या तरच गाडीचा नंबर वहीत चढायचा. बाकीच्या गाड्या वास घेऊन सोडून द्यायचे. वहीत ठेकेदाराचा ट्रक नव्हताच. नाक्यावरच्या जमादाराला ड्रायव्हर आठवेना. दिवसभर गाड्या बघून त्याला सगळेच चेहरे सारखे दिसायचे.

रिकाम्या हातानं परत आलो तेव्हा कोठडीचा शेवटचा दिवस उरला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो जमादार दिसायला कसा हाय?" मी सवयीप्रमाणे करून दाखवला. मामा नेहमीसारखे रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, हे माकडचाळे आज सरकारी कामाला लावा. फक्त नक्कल चुकवा."

ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. चहा मागवला. चौकशीचं नावही काढलं नाही. मामांनी विषय काढला की आमचे साहेब नकला फक्कड करतात. मग मी पहिल्यांदा इन्स्पेक्टरसाहेब केले, मग ठेकेदाराचा मुनशी. ड्रायव्हर पोट धरून हसत होता. शेवटी मी म्हणालो, आता हद्दीच्या नाक्यावरचा जमादार. आणि छाती काढून, डरकाळी फोडत, खोलीतल्या प्रत्येक टेबलाखाली वाकून वाकून कुत्र्यासारखा वास घेत सुटलो.

"छ्या, साहेब," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "तो वाकतोय कुठला? खाटेवर बसल्या बसल्या आधी तपकीर ओढतो, चार शिंका देतो, मग हवेतच नाक वर करून म्हणतो, जाऊ द्या. तपकिरीनं भरलेल्या नाकाला दारूचा वास येणार..."

तिथं त्याचं वाक्य थांबलं. बशीतला चहा हातातच राहिला. मामांनी पुढे होऊन त्याच्या हातातली बशी अलगद काढून घेतली.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण त्यानं पंचांसमक्ष ट्रकच्या सीटखालून बंदुकांचे लाकडी दस्ते काढून दिले, आणि ते त्या बंदुकांना बरोब्बर बसले. ती सीट मी पहिल्याच दिवशी उचलायला हवी होती. पण मला माझा आरोपी आधीच मिळाला होता ना. साइट दसऱ्याला सामसूम झाली की तो त्या थोरल्या चुलतभावाला माल देणार होता. ते भांडण पुढे काठ्यांवरच भागलं.

मी त्याला विचारलं, अरे, सगळं बेमालूम जमवलं होतंस, मग ते कुंकू कशाला लावलंस? तो खाली मान घालून म्हणाला, "गाडी पुजली. मग वाटलं, ती दोन आत अंधारात पडलीत, त्यांनी काय घोडं मारलंय? वर्षाचा दिवस. हत्यार तसंच ठेवायला मन धजेना."

चौकीदाराच्या सुटकेचा रिपोर्ट मी स्वतः कोर्टात नेला. मुनशीनं झोपडी दुसऱ्याला देऊन टाकली होती. मामांनी मला न विचारता साइटवर जाऊन ती परत मिळवली. काय बोलले ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी चौकीदाराची माफी मागितली. त्यानं काठी घेतली आणि बायकोमागं चालू लागला.

पुढच्या खंडेनवमीला ठाण्यात रायफली मांडून पूजा चालली होती. दारात चौकीदार उभा. हातात हळदकुंकवाची वाटी. रायफलींकडे त्यानं बघितलंही नाही. सरळ माझ्या टेबलाशी आला आणि विचारलं, "साहेब, माझं नाव कशानं लिहिलं होतं?"

मी खिशातला पेन काढून दिला. त्यानं तो टेबलावर ठेवला, हळदकुंकू लावलं, आणि म्हणाला, "हे तुमचं हत्यार. वर्षातून एकदा पुजत जावा, म्हणजे चालवताना ध्यानात राहील."

मी हसवणारा माणूस, पण त्या दिवशी तो पेन मी दोन्ही हातांनी उचलून खिशाला लावला. मामा दाराशी उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते.

मामा त्याच वर्षी निवृत्त झाले. पुढे माझ्या कमरेचं पिस्तूल बदललं, हुद्दे बदलले. पेन तोच राहिला. नकला मी निवृत्त होईपर्यंत केल्या, त्यांनी मला बरीच माणसं उलगडून दिली. पण पंचनाम्यात कुणाचं नाव लिहिताना नखाच्या कडेला नजर जायची ती गेलीच. आता निब मोडलंय, शाई चढत नाही. तरी खंडेनवमीला घरच्या विळी-कोयत्याशेजारी मी तो मांडतो, आणि कुंकवाचं बोट लावताना मामांना आणि त्या चौकीदाराला मनातल्या मनात सलाम करतो.