चौकोनी बटणं, गोल बटणं

पुतळाबाई तांडेल यांचा निरोप त्यांच्या सुनेनं, रंजितानं, फोनवर सांगितला. "काकी, रविवारी सकाली या. तो खारघरचा पोरगा आमचा गेम खोलनार हाय. आई म्हनते, तो विंग्रजीत काय बोलेल ते मना कोन सांगनार? बायना बोलव."

पुतळाबाई मला बाय म्हणतात. मी लगेच हो म्हटलं. तो गेम उघडायला पुतळाबाई तयार झाल्या, यावर मात्र माझा विश्वास बसत नव्हता.

सिडकोच्या घराचा ताबा मिळेपर्यंत आम्ही करावे गावात त्यांच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्या वेळी त्या जेमतेम तिशी ओलांडलेल्या विधवा होत्या. पहाटे खाडीत कालवं काढायला जायच्या. परत आल्या की नळावरची भाडेकरूंची भांडणं मिटवायच्या, मग एकुलत्या एका रूपेशला अभ्यासाला बसवून स्वतः काठी घेऊन समोर बसायच्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण मुलगा पुटपुटायचा थांबला की काठी जमिनीवर आपटायची. त्या खोल्यांच्या जागी आज चार मजली इमारत आहे आणि सीवूड्सचे भाडेकरू त्यांना 'आजी' म्हणतात. पण पाणी कुणी किती वापरलं, हे त्या अजूनही जिन्यात उभं राहून विचारतात.

त्यांच्या देवघराखालच्या फळीवर लाल-पांढरा टीव्ही गेम असायचा. त्यांचे यजमान गोटीराम मालवाहू बोटीवर खलाशी होते. त्र्याऐंशीच्या दिवाळीत त्यांनी तो जपानहून आणला, बरोबर एक छोटा जपानी टीव्हीही. सगळं गाव अंगणात बसून खेळलं. काही महिन्यांतच पहिल्या हाताची बटणं आत रुतू लागली. हात म्हणजे खेळताना धरायची ती वायरवाली पट्टी. लहानगा रूपेश रडून रडून आजारी पडला. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर गोटीराम पुढच्या फेरीला निघाले तेव्हा गेम लुगड्यात गुंडाळून बरोबर घेऊन गेले.

त्यानंतर वर्षभर त्यांचं पत्र नाही की निरोप नाही. परत आले तेव्हा गेम चालू होता, पहिल्या हाताची बटणं नवी होती. आणि गावात कुजबुज सुरू झाली होती, की गोटीराम बोटीवर नव्हताच, पनवेलला दुसरं घर करून राहिला होता.

पुतळाबाईंनी नवऱ्याला कधी विचारलं नाही. तीन-चार वर्षांत ते काविळीनं गेले.

आता एवढ्या वर्षांनी हे का निघालं, तर रूपेशमुळे. खारघरच्या एका कॉलेजात जुन्या व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणाऱ्या केयूर नावाच्या इंजिनिअर मुलाला रूपेशनं फोटो पाठवला. केयूर धावतच आला. म्हणाला, चौकोनी रबरी बटणं फक्त अगदी सुरुवातीच्या मालाला होती, ती रुतायची म्हणून कंपनीनं पुढे गोल केली. असा नग सहसा मिळत नाही. पण या गेमच्या एका हाताला चौकोनी बटणं आणि दुसऱ्या हाताला गोल, हे त्यानं कुठंच पाहिलं नव्हतं.

"दोनच शक्यता आहेत," तो म्हणाला होता. "जपानमध्ये कंपनीनं दुरुस्त केला, नाहीतर इथल्या बाजारात कुणीतरी दोन सेट जोडून एक केला. उघडल्याशिवाय कळणार नाही."

हे पुतळाबाईंचे थोरले दीर सितारामभाऊ यांनी ओट्यावरून ऐकलं. ते हसले आणि म्हणाले, "बटनं दोन जातीची. त्याचा संसार बी तसाच, दोन ठिकानी."

पुतळाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं रंजितानं मला सांगितलं.

रविवारी मी गेले तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याखाली टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून गेम उलटा ठेवला होता. सितारामभाऊ खुर्चीत बसले होते. त्यांना पुतळाबाईंनीच बोलावलं होतं.

रूपेश आईजवळ वाकला. "आई, ऱ्हाऊ दे ना. तसाच ठेवू प्रदर्शनात. कनाला टेन्शन घ्यायचा? उलटा निगाला तर?"

"उलटा निगाला तर उलटा," त्या म्हणाल्या. "मरायच्या आदी मना कललं पायजे. खोल रे पोरा."

केयूरनं खालचे स्क्रू काढले. झाकण निघेना. त्यानं सुरीसारखी प्लॅस्टिकची पट्टी फटीत घातली आणि अगदी हळू फिरवली. कट्ट आवाज झाला. झाकण वर आलं आणि आम्ही सगळे आत वाकलो.

आत सगळं पिवळं होतं.

"हे काय आहे?" केयूर घाबरला. "केमिकल लीक झालंय का?"

रंजितानं कपाळावर हात मारला. "हलद हाय ती!"

दर खंडेनवमीला कोयता, रूपेशची मोटरसायकल आणि पाण्याचा पंप यांच्याबरोबर या गेमचीही पूजा होत असे. पुतळाबाई हळद सढळ हातानं लावत, तीही पाण्यात कालवून. वरच्या फटींतून ती वर्षानुवर्षं आत झिरपली होती.

"देवाला सोरला नाय, नि मशिनला बी सोरला नाय," सितारामभाऊ पुटपुटले.

केयूरनं ब्रशनं सुकलेले पापुद्रे झाडले. पहिल्या हाताची वायर आत जिथे जोडली होती तिथे बॅटरीचा उजेड पाडला. मनाशीच इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हनते तो?" पुतळाबाईंनी माझं मनगट धरलं.

"जोड व्यवस्थित आहे म्हणतो. बाजारातल्या माणसानं वायरी पिळल्या असत्या. हे कंपनीचं वाटतंय."

"वाटतंय?"

"वाटतंय म्हणाला."

"वाटून तर मी इतकी वर्सं काडली, बाय."

त्यांचा हात माझ्या मनगटावरून निघाला नाही. तेवढ्यात केयूरला आतल्या पत्र्यावर एक छोटी कागदी चिकटपट्टी दिसली. तिच्यावर जांभळ्या शाईचा शिक्का होता, पण वर हळदीचा इतका जाड थर की अक्षर कळेना. त्यानं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि पट्टीच्या कोपऱ्याला टेकवला. हळद निघाली, पण बरोबर शाईही फुटली. कापसावर जांभळा डाग आला.

"थांब!" मी आणि रूपेश एकदम ओरडलो.

केयूरचा हात हवेतच राहिला. "पुसलं तर शिक्का जाईल, नाही पुसलं तर वाचता येणार नाही."

सितारामभाऊंनी तंबाखूची डबी उघडली आणि तशीच बंद केली.

"हलदीचाच डाग हाय ना?" रंजिता म्हणाली. "मंग उनात ठेवा. पांढऱ्या शर्टाचा जातो तसा जाईल."

खरं तर आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होतं. माझ्या लग्नाच्या साडीवरची हळदसुद्धा उन्हानंच गेली होती. पण मशीन समोर असलं की घरातलं काही आठवत नाही. केयूरनं आतला भाग सोडवून उन्हात ठेवला, बाकीच्यावर वर्तमानपत्र झाकलं आणि फक्त चिकटपट्टी उघडी ठेवली. शाईसुद्धा उन्हानं उडेल का, या भीतीनं तो पुन्हा पुन्हा उठून बघत होता. पुतळाबाई मात्र उन्हातच, शेजारी बसून राहिल्या. कावळा कठड्यावर आला की हात उगारायच्या. रंजितानं सावलीत यायला सांगितलं, तर "मी काय वितलत नाय" म्हणाल्या.

जेवणवेळ टळून गेली. पिवळा रंग लिंबासारखा झाला, मग सायीसारखा. केयूरनं फोन वर धरला आणि जपानी अक्षरांचं भाषांतर करून घेतलं.

"दुरुस्ती," तो म्हणाला. "दुरुस्ती, कोबे." मग तो थांबला. "तारीख… साल साठ आहे."

"साठ?" सितारामभाऊ ताडकन उठले. "साठ साली गोटीराम दहा-बारा वर्साचा होता, माज्या संग शेतात म्हसरं राखायचा! कसला जपान नि कसला काय. बाजारातलाच हाय!"

पुतळाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. रूपेश झाकण उचलायला गेला. "बास झाला. बंद कर केयूर. आई, चल खाली."

"एक मिनिट," केयूर म्हणाला. त्याची बोटं फोनवर धावत होती. "साठ साली हा गेम जगातच नव्हता. मग असं कसं… अहो, हे त्यांचं साल आहे! राजा गादीवर बसल्यापासून मोजतात. आपल्याकडे शक असतो ना, तसं." त्यानं फोन माझ्यापुढे धरला. मी वाचलं, मनात हिशेब केला आणि चुकू नये म्हणून पुन्हा केला.

"पंच्याऐंशी," मी म्हणाले. "पुतळाबाई, पंच्याऐंशी सालचा जुलै. कोबे बंदर."

"त्याच वर्सी?"

"त्याच वर्षी."

मला वाटलं, रडतील. पण त्या उठल्या आणि दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, थोरल्या दिरासमोर ओढतात तसा.

"भावजी, पंच्याऐंशीच्या जुलयात तुमचा भाव पनवेलला होता का?"

सितारामभाऊंनी मान खाली घातली. "नव्हता."

"मोठ्यानं बोला. जिन्यात भाडेकरी हायत."

"नव्हता, पुतले. जपानला होता."

"पत्र नाय लिवला त्यानं, त्यो त्याचा नि माजा हिसोब," त्या म्हणाल्या. "त्यात तुमी पडायचा काम नव्हता. आता जेवायला चला."

प्रदर्शनात केयूर गेम बंद करून ठेवणार होता. पुतळाबाईंनी नाही म्हणून सांगितलं. उघडाच ठेवायचा, चिकटपट्टी दिसली पाहिजे, शेजारी तिचा मराठी अर्थही. काचेच्या पेटीशेजारी हिरवं लुगडं नेसून त्या दिवसभर खुर्चीत बसून होत्या. करावे गावातून कोण कोण येतं, त्यावर त्यांची नजर होती.

कॉलेजातल्या एका मुलीनं वाकून विचारलं, "आजी, हा चालतो का अजून?"

"चालत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "पन जपानवरून दोनदा आला. वाच तिथं."