बिनपिठाची बाटली

आमच्या प्रयोगशाळेतले काका रोज फुलंब्रीहून येतात आणि डबा ठेवायच्या आधी मला विचारतात, "निघाला का?" स्टँडवर गाडीची चौकशी करावी तसं. मी दोन वर्षं पाण्यातून, नुसत्या उजेडाच्या जोरावर, हायड्रोजन काढायच्या मागे आहे. त्यासाठी बनवलेली, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांची पिवळी पूड म्हणजे काकांच्या लेखी पीठ. "आमच्या गिरणीत याच्याहून बारीक दळून देतेत," हेही ते अधूनमधून ऐकवतात.

परवा दिव्याखाली माझ्या भांड्यात बुडबुडे दिसले. मी तडक सरांना फोन केला, "सर, निघाला!" सर लगेच यायला निघाले.

काका मात्र त्याच दिव्याच्या उजेडात, भांड्याच्या पलीकडे बोट दाखवत उभे. तिथं त्यांची प्यायच्या पाण्याची काचेची बाटली मुद्दाम आणून ठेवलेली होती. तिच्यातही कडेकडेनं तस्सेच बुडबुडे.

"मॅडम, माझ्यात तर पीठबी नाय. तरी निघाला व्हय?"

मी बाटलीला हात लावून पाहिला, कोमट होती. दिव्यानं पाणी तापलं होतं आणि त्यात विरघळलेली साधी हवा वर येत होती. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते!

दारात सरांच्या चपला वाजल्या. काकांनी शांतपणे बाटली उचलली आणि सगळा पुरावा घटाघटा पिऊन टाकला.

"काय, निघाला ना?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका मिशा पुसत म्हणाले, "नाय सर. नुसतं पाणी तापलंय."