आधी ह्याचं तोंड बंद

ताई खुर्चीतल्या आपल्या उशीवर टेकायच्या आणि तोंडावरचा स्कार्फ सोडायच्याही आधी त्यांचा हात माउसवर जायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर एक टिचकी. "आधी ह्याचं तोंड बंद," असं कॉम्प्युटरकडे बघून म्हणायच्या आणि मग आम्हाला गुड मॉर्निंग. पुढे पुढे तर आमच्याही टेबलांपाशी फेरी मारून सगळ्यांचे आवाज बंद करायच्या.

कुरुळीजवळ आमची कंपनी आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवते. ताई चिंचवडहून कंपनीच्या बसनं यायच्या. डिस्पॅचच्या ऑफिसात कंत्राटावर होत्या आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. आमचं सगळं काम कॉम्प्युटरवरच्या चॅटवर चालतं. ट्रक आला का, माल भरला का, चलन कुठंय. घरचे निरोपही तिथंच येतात. मेसेज आला की 'टुंग' वाजतं.

ते टुंग आमच्या साहेबाला काचेच्या केबिनमध्ये बरोबर ऐकू जायचं. साहेबाला मी एकेरीतच लिहिणार, तेवढा हक्क मी कमावलाय. टुंग वाजलं की हा बाहेर. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि स्क्रीनवरचा मेसेज नाटकी आवाजात मोठ्यानं वाचायचा. "येताना कोथिंबीर आणा, बरं का." सगळे हसायचे. ज्याचा मेसेज तोही हसायचा, करतो काय बिचारा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा महाभाग असेल, आठवून बघा.

ताईंना मूल हवं होतं. त्यासाठी त्यांची ट्रीटमेंट चालू होती आणि हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं. एकदा त्या प्रिंटरपाशी उभ्या असताना त्यांच्या टेबलावर टुंग वाजलं. त्या वळेपर्यंत साहेब तिथं पोचला होता. मेसेज धाकट्या बहिणीचा होता. ह्यानं सुरात वाचला, "ताई, रिपोर्ट आला गं. ह्या वेळीही नाही राहिलं. रडू नकोस."

आता तरी माणूस ओशाळेल की नाही? हा म्हणाला, "म्हणजे नुसताच ओव्हरटाइम, प्रॉडक्शन शून्य."

चलनं न्यायला आलेला एक ड्रायव्हर हसला, मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो बाहेर निघून गेला. ताईंनी प्रिंटरमधले कागद घेतले, जागेवर आल्या आणि सुट्टी होईपर्यंत काम केलं. बसमध्ये मात्र माझा हात घट्ट धरून बसल्या. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी म्हणाले, "ताई, उद्या ह्याच्या गाडीची हवाच सोडते."

"हवा परत भरता येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते तोंड बंद करणं सुरू झालं. साहेबाची करमणूक गेली. तो चिडायचा, पण आवाज चालू ठेवा असं सांगणार कसा?

आता एक गंमत सांगते. आमच्याकडे बाहेरचं कोणीही मीटिंगला आलं की आधी सेफ्टीची फिल्म दाखवतात. हेल्मेट घाला, पिवळ्या पट्ट्यातून चाला. ती साहेबाच्या लॅपटॉपवरून मोठ्या पडद्यावर लावायचं काम ताईंचं. फिल्मसाठी आवाज चालू करायचा, फिल्म संपली की लगेच आवाज आणि चॅट दोन्ही बंद करायचं. कारण साहेबाचा एक कॉलेजचा मित्र त्याला दिवसभर वाट्टेल ते लिहून पाठवायचा. ताईंना ते दिसायचं, त्या मुकाट्यानं झाकायच्या. एवढं ऐकून घेतलेल्या बाईनंच त्या माणसाची अब्रू सांभाळली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे लोक आले त्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला खोलीत होते. समोर पिकल्या केसांचे त्यांचे वरिष्ठ, शेजारी आमचे प्लांट हेड. फिल्म संपली. ताईंचा हात माउसकडे गेला, थांबला, आणि त्यांनी तो मांडीवर घेतला. माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "आज बोलू दे ह्याला."

साहेब उभा राहिला. "आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे..." आणि टुंग. भिंतीवरच्या स्पीकरमधून वाजलं ते, टेबलावरचे कप हलले असतील. पडद्यावर मित्राचा मेसेज आला, चांगल्या ठसठशीत मराठीत. "आलं का ते म्हातारं डोकं खायला? सहीपुरता मस्का लाव."

पिकल्या केसांचे गृहस्थ चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, "काय आलंय?"

साहेब लॅपटॉपकडे धावला, तर वायरीत पाय अडकला. तेव्हा ताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, मोठ्यानं वाचून दाखवा ना. आपल्याकडे तशी पद्धत आहे."

देवाशपथ सांगते, त्या दिवसाइतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही. चहा देणाऱ्या कुरुळीच्या मावशी कप भरताना एवढंच म्हणाल्या, "आता कळलं आसंल व्हय, कसं लागतंय ते."

साहेबाची लांबच्या प्लांटला बदली झाली. पण जाण्याआधी त्यानं ताईंचं कंत्राट काही पुढे जाऊ दिलं नाही. त्यांचा निरोप घ्यायला वळले तेव्हा लक्षात आलं, ब्लाउजच्या तुकड्यांची शिवलेली त्यांची उशी खुर्चीवर नव्हती. विचारलं तर कळलं, मीटिंगच्या आदल्या दिवशीच त्यांनी ती घरी नेली होती.

आता त्या भोसरीत एका लहान वर्कशॉपचं ऑफिस सांभाळतात. मूल झालं नाही. फोनवर बोलताना मागे त्यांचं टुंग टुंग ऐकू येतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाजू दे गं. इथं कुणी डोकावत नाही."

मला त्या टेबलाकडे अजून बघवत नाही. त्यांची सगळी कामं माझ्याकडे आलीत, मीटिंगची फिल्मसुद्धा. नवा साहेब बरा आहे. कोणाच्या टेबलावर टुंग वाजलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. मीटिंग सुरू होण्याआधी मात्र दर वेळी हळूच विचारतो, "आवाज बंद केलाय ना?"

मी म्हणते, "हो साहेब. आज केलाय."