थोर माणसांनी अडवलेलं नाटक

थोर माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. शाळामास्तराच्या मनात तो असावाच लागतो, वर्गाच्या भिंतीवर त्यांच्याच तसबिरी टांगलेल्या असतात. पण एका पौष महिन्यात ही माणसं ज्या घाईनं वर गेली, ती घाई मी त्यांना अजून माफ केलेली नाही. गाणारे गेले, तारे मोजणारे गेले, कुस्त्या मारणारे गेले. जायचं तर सगळ्यांनाच आहे. पण सगळ्यांनी एकाच महिन्यात? आणि तेही माझं नाटक उभं असताना?

आमचं गाव वडशापासून तीन कोसांवर. शाळेत मास्तर एकच, तो मी. वर्तमानपत्र एकच, ते शाळेच्या नावानं यायचं. नागपूरहून आगगाडीनं वडशाला आणि तिथून डाकवाल्याच्या सायकलवर आमच्याकडे, म्हणजे एक दिवस शिळं. जगात कोणीही मेलं, तरी आमच्या गावापुरता तो आणखी एक दिवस जगायचा.

या शिळेपणानंच घात केला होता. आदल्या वर्षी आमच्या गावच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, नाटक झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी तिकडे एका फार मोठ्या माणसाची चिता जळत होती. आम्हाला पत्ता नाही. पत्ता नदीपलीकडच्या गावालाही नव्हता, पण कळल्यावर त्यांनी तोंड सोडलं. वर्षभर ज्या बाजारात जावं तिथं एकच स्वागत.

"या जी, या! सुतकात ढोलकी वाजवणारे आले!"

पाटलांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी पारावर सगळ्या गावाला बसवून नेम केला, "आता मोठा माणूस गेला का दोन दिवस वाद्य बंद. शाळेपुढं शोकसभा. भाषण मास्तर करन."

मला कोणी विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, भाषणाचं ऐकून मी आतल्या आत सुखावलो होतो.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की माणसाला नाटकाशिवाय दुसरं काही सुचत नाही. कापलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मंडप पडतो, वडशाहून रंगवलेले पडदे येतात आणि काल नांगर धरणारा माणूस आज सम्राट होतो. त्या वर्षीचं नाटक मी स्वतः लिहिलं होतं. एक भोळा राजा, एक दुःखी राणी आणि एक नीच प्रधान. नीच प्रधान अर्थातच मी. दुसऱ्या कोणाला देण्याइतका तो भाग साधा नव्हता.

राणी होता आमच्या नाक्यावरचा जंगलगार्ड. त्या काळी आमच्या रंगमंचावर बाई पाऊल ठेवत नसे, पण गार्डाचा शालू नेसलेला अवतार बघून खऱ्या बायका पदर सारखे करायच्या. आवाज असा की तो रडला की शेवटच्या रांगेतली म्हातारी नाक शिंकरायची. लाकूडचोर ज्या मिशीला भ्यायचे ती मिशी त्यानं माझ्या नाटकासाठी उतरवली होती. आणि तालमी रंगात आल्या असताना त्याची बदली निघाली, भामरागडला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर नोकरी गेली. भामरागडला गेलेला माणूस नाटकासाठी परत येत नाही. पावसात तर त्याचं पत्रही येत नाही.

गार्डाला पर्याय गावातला सुतार. अंगानं बेताचा, रंगानं उजळ, पण राणी बोलली की गोठ्यातले हेले, म्हणजे रेडे, कान टवकारायचे. तेव्हा हिशेब सरळ होता. महिना संपायच्या आत नाटक, नाहीतर माझ्या राणीचा हंबरडा हेल्यासारखा.

शंकरपटाच्या दिवशी मंडप उभा, पडदे टांगलेले, गार्डाच्या तोंडाला पहिला रंग लागलेला. सायकलची घंटी वाजली. मी पेपर उघडला आणि मटकन बसलो. दूरच्या शहरातले एक मोठे गवई गेले होते.

"गाणारा होता न," पाटील म्हणाले. "मंग तं वाद्य बंदच."

मी शोकसभेत अर्धा तास बोललो. त्या गवयाचा एक सूरही माझ्या कानावर कधी पडला नव्हता, पण लोक माना डोलावत होते. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नाटक ठरलं, आणि आकाशातले तारे मोजणारे एक पंडित वारले. यावर मात्र पारावर वाद पेटला.

"तारे मोजून झाले होते काय त्याचे?" सुतारानं विचारलं.

"नाई."

"काम अर्धं टाकून गेला, मंग मोठा कसा जी?"

मला वाटलं, सुतार मला तारणार. पण पाटलांची आई काठी टेकत पुढं आली. "अरे, थो वर पाहून राह्यला, आपण खाली पाहून राह्यलो. त्याच्याहून मोठा कोण असते?" झालं. वाद्य बंद, भाषण सुरू.

मग पैलवान गेले. या वेळी वाद नाहीच, गावातली तरणी पोरं खरोखर रडली. वाद झाला तो परदेशातल्या एका चित्रकाराच्या वेळी. मी छातीठोकपणे सांगितलं, "पाटील, हा आपला नाही. आपल्याला लागू नाही."

"परदेशी असला म्हणून काय मरण देशी नाई काय त्याचं?" पाटील म्हणाले. "नदीपलीकडच्याईनं ऐकलं तं काय म्हणन?"

नदीपलीकडच्यांचं नाव निघालं, आणि मी भाषणाची तयारी करायला घेतली.

इकडे गार्डाचे वेगळेच हाल. दर वेळी नाटक पुढं गेलं की मिशी उगवायची आणि दर वेळी न्हाव्यापुढं बसावं लागायचं. गुळगुळीत ओठ घेऊन तो बाजारात गेला की जो भेटेल तो तोंड पाडून विचारी, "बाप गेला काय जी, गार्डबाबू?" त्याचा बाप आरमोरीला धडधाकट. चार बाजार फिरून ही बातमी त्या बापापर्यंत पोचली. तो भर उन्हात चालत आला आणि नाक्यावर उभं राहून ओरडला, "मले जित्तेपणी कायले मारून राह्यला बे?" गार्डानं बोट माझ्याकडे दाखवलं.

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला. पडद्यांची मुदत वाढवून घ्यायला मी वडशाला गेलो. पडदेवाला दमला होता. म्हणाला, "मास्तर, बाकीच्या गावाईत नाटक पडते. तुमच्या गावात तं माणसंच पडून राह्यली." तरी त्यानं पडदे ठेवू दिले. मी उड्या मारत परत आलो, उद्या नाटक! आणि वेशीतून बघतो तर मंडपातली ढोलकी फडक्यात गुंडाळलेली.

"आता कोण?"

पाटलांनी पेपर माझ्यापुढं धरला. पाटलांना अक्षर येत नव्हतं, पण काळ्या चौकटीत फोटो म्हणजे माणूस गेला, एवढं ते पाच-सहा शोकसभांत शिकले होते. मी नव्हतो म्हणून डाकवाल्याकडून पेपर त्यांनीच घेतला, उघडला, चौकट पाहिली आणि गावाला दवंडी दिली. चौकटीत दंड फुगवलेला, पिळदार मिशांचा एक गृहस्थ होता. खाली मजकूर होता, की अशक्तपणावर यांच्या गोळ्या घ्या.

"पाटील," मी कसाबसा म्हणालो, "हा मेला नाही. हा औषधी गोळ्या विकतो."

पाटलांनी फोटोवर बोट ठेवलं. "मंग काळ्या चौकटीत कायले बसला?"

"जाहिरात आहे ती!"

"शोकसभेचा नारळ फुटला न पण. आयाबाया रडल्या. आता दोन दिवस झाल्याबिगर सुतक कसं फिटन?"

म्हणजे एका जिवंत गोळीवाल्यासाठी दोन दिवस गेले. मी त्या रात्री जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुमच्या नाटकात तरी शेवटी कोणी जगते काय?"

उरला एकच दिवस. वाट चार-पाच दिवसांची, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच गार्डाची बैलगाडी भामरागडच्या वाटेला लागणार होती, सामान बांधून झालं होतं. चार वाजता घंटी वाजली. सारं गाव पाराभोवती श्वास रोखून उभं. गार्ड एका कडेला, अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून. मी पेपर उघडला.

पहिल्याच पानावर काळी चौकट होती.

या वेळचा चेहरा मी ओळखत होतो. एक थोर नट गेले होते. नागपूरला शिकत असताना मी त्यांना एकदा पाहिलं होतं, मागच्या रांगेत, खांबाला टेकून उभ्यानं. ते दुष्टाचं काम करत होते आणि दुसऱ्या अंकात ते हसले. आवाज चढवला नाही, हात उडवले नाहीत. नुसते हळू हसले, आणि मी खांब दोन्ही हातांनी धरला. मी मास्तर झालो, पण नाटक लिहायला बसलो ते त्या हसण्यापायी. माझ्या नीच प्रधानाचं हसू त्यांच्याकडूनच चोरलेलं होतं. महिनाभर मी ज्यांच्यासाठी छाती पिटली त्यांतला एकही माझा नव्हता. हा माझा होता.

मी पान दुमडलं. चौकट आत घेतली. कापसाचा भाव वाचला, वरोऱ्याच्या बाजाराचा. मग तांदळाचा. मग एका पुलाच्या उद्‌घाटनाचं दीड रकान्याचं वर्णन, सगळं, पाहुण्यांच्या नावांसकट.

"आज कोणी नाई?" पाटलांनी विचारलं.

"कोणी नाही, पाटील."

ढोलकीवर थाप पडली ती माझ्या पाठीत बसल्यासारखी. पोरं ओरडत मंडपाकडे धावली. नाटक झालं, आणि झालं म्हणजे काय झालं! गार्ड असा रडला की त्याला निरोप द्यायला आरमोरीहून आलेला बाप उठून उभा राहिला. दुसऱ्या अंकात मी हसलो. तालमीत कधी आलं नव्हतं तसं ते हसू आलं, हळू, खालून. मंडप चिडीचूप झाला. मी विंगेत आलो आणि तोंडात पंचा कोंबून उभा राहिलो. सुतार म्हणाला, "काऊन जी मास्तर, ठसका लागला काय?" मी मान हलवली.

पहाटे गार्डाची गाडी गेली. रंग नीट पुसला गेला नव्हता, त्याच गालांनी तो भामरागडला हजर झाला असणार.

त्याच दिवशी दुपारी मी स्वतःच पाटलांकडे जाऊन सांगितलं, की एक मोठे नट वारले आहेत, शोकसभा घ्या. नाटक होऊन गेलेलं, लोक जागरणानं पेंगत होते, तरी आले. नेमाला गाव पक्कं. मी उभा राहिलो. गवयावर अर्धा तास बोलणारा मी, ताऱ्यांवर पाऊण तास बोलणारा मी, तोंड उघडलं तर शब्द निघेना. "हे नट," मी म्हणालो. "हे फार." आणि तिथंच थांबलो. पुढच्या रांगेतून कोणी तरी जांभई दिली.

पाटलांच्या हातात मी फोटो दाखवायला दिलेला पेपर होता. त्यांनी तो उलटापालटा केला आणि डाकवाल्याला विचारलं, "हा आजचा होय काय बे?"

"नाई जी, हा तं कालचा. आजचा आणाले आता जाऊन राह्यलो."

सभेत हळूहळू माना वर झाल्या. आधी सुताराची, मग बायकांच्या बाजूच्या. कळलं सगळ्यांना. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिलो. सुतकात ढोलकी वाजवली म्हणून आता नदीपलीकडचं गाव नको, आमचंच गाव मला फाडून खाणार होतं. पाटील उठले. माझ्याजवळ आले. महिनाभर मी त्यांच्यावर जेवढा चिडलो होतो, तेवढेच ते आता माझ्यावर चिडले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "लपवता येत होतं तुमाले?"

"हो."

"मंग आधीचे कायले सांगत होते, बाप्पा?"

मी पाराच्या कडेवर बसलो. भाषण तसंच राहिलं.